मशीनवरच्या अक्षता

रत्नप्रभा वानखडे या बाईंविषयी लवू पेडणेकरांना फार थोडं माहीत होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भांडुपच्या टेकडीवर पेडणेकरांच्या दोन खोल्या, मध्ये एक भिंत. एका खोलीत लवूकाका आणि त्यांची सून अनुपमा. मुलगा सर्वेश बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा यायचा. दुसरी खोली बाईंना भाड्याने दिलेली. सहा वर्षं झाली, तरी बाईंचं गाव कुठलं असं कुणी विचारलं असतं तर 'अकोल्याच्या पुढे कुठेतरी' यापलीकडे काकांना सांगता आलं नसतं. लग्न झालं होतं की नव्हतं, हे पहिल्या वर्षी विचारायचं राहून गेलं; आणि पहिल्या वर्षी राहिलेला प्रश्न सहाव्या वर्षी विचारता येत नाही. मुळात काका विचारणाऱ्यांपैकी नव्हतेच. रेशनच्या दुकानात मापात चूक झाली तरी घरी येऊन सुनेला सांगणारे.

माहीत होतं ते असं. बाई पंचेचाळिशीच्या पुढच्या. चहा बिनसाखरेचा. जेवणात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असली की भाजीची आठवण नाही. काम लग्नाचे, बारशाचे, वाढदिवसाचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायचं. कम्प्युटरला त्या मशीनच म्हणत. ते बिघडलं तर दुसऱ्याकडे नेत नसत, स्वतःच दुरुस्त करत. त्यावरून टेकडीवरचे लोक बंद पडलेले मोबाइल घेऊन येत. बाई त्यांना दारातूनच परत पाठवत.

"मी डॉक्टर नाही हो. मी शिंपीण आहे. कापते आणि जोडते."

आणि एक गोष्ट माहीत होती. बाईंच्या गावात म्हाताऱ्या बाया जात्यावर ओव्या म्हणत. बाबासाहेबांवरच्या, शाळेवरच्या, सासरी गेलेल्या लेकींवरच्या. जात्यावर आता कुणी दळायला बसत नाही, पण ओव्या त्यांच्या तोंडात होत्या. बाई आठ वर्षं दर मे महिन्यात गावी जाऊन त्या चित्रित करत होत्या. एकूण सात जणी. त्यांचा तीन तासांचा एक व्हिडिओ त्यांनी जोडत आणला होता, बिदागी नाही, गिऱ्हाईक नाही. गावच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने धम्मग्रंथाचं वाचन चालतं आणि आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते. सगळा गाव जेवायला जमतो. त्या संध्याकाळी पांढरा पडदा लावून हा व्हिडिओ दाखवायचा होता.

"सातातल्या दोघी गेल्या," बाई एकदा म्हणाल्या होत्या. "पाच आहेत. पुढच्या वर्षी किती असतील, मला माहीत नाही. या पौर्णिमेला झालं पाहिजे."

काकांनी मान हलवली होती. यापेक्षा जास्त बोलणं त्या दोघांत क्वचितच होई.

दसरा गुरुवारी आला. बाई दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जात. मंगळवारीच निघाल्या. जाताना किल्ली काकांकडे दिली. नळाला पाणी तासभरच येतं, तेव्हा ड्रम भरून ठेवायचा एवढंच काम.

बुधवारी खंडेनवमी. या दिवसाचं काकांना फार अप्रूप. तरुणपणी ते परळच्या गिरणीत माग चालवायचे. नवमीला माग बंद. धुऊन-पुसून, तेल घालून त्याला झेंडूची माळ, हळद-कुंकू, अक्षता, समोर नारळ. गिरणी संपावर गेली ती परत नीट उघडलीच नाही. मग भांडुपमध्येच एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर सव्वीस वर्षं काढली. तिथेही नवमी चुकली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र पूजा करावी असं यंत्रच हाताशी उरलं नाही. घरात मिक्सर, पाण्याची मोटर आणि सुनेचा लॅपटॉप. अनुपमा एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करायची. ती सकाळी निघतानाच म्हणाली, "बाबा, मिक्सरला काय ते करा. माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही हां. मागच्या वर्षी हळद 'एंटर'च्या बटणात गेली होती, मला मेपर्यंत पिवळा एंटर दाबावा लागला."

मिक्सर झाला, मोटर झाली. वाटीत अक्षता उरल्या, परडीत फुलं उरली. पाणी आलं म्हणून काका बाईंची खोली उघडून ड्रम भरायला गेले. टेबलाखाली बुटक्या स्टुलावर बाईंचं मशीन उभं होतं. काळी लोखंडी पेटी, गुडघ्याएवढी. बंद होतं. वर्षभर दिवसरात्र घरघरणारं यंत्र आज गप्प उभं होतं आणि त्याच्यावर एक फूल नव्हतं. काकांना ते बघवेना. मशीनला काय कळतं कोण कुणाचं, असं मनाशी म्हणत त्यांनी पेटीवर दोन फुलं ठेवली, कुंकवाचं बोट लावलं आणि चिमूटभर ओल्या अक्षता वाहिल्या.

अक्षता पडल्या आणि दिसेनाशा झाल्या.

चष्मा सारखा करून त्यांनी वाकून पाहिलं. पेटीच्या वरच्या बाजूला बारीक भोकांची जाळी होती. हवा जायला असावी. तांदूळ त्यातून आत गेले होते. काका सरळ झाले, तेव्हा समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी बाबासाहेबांची. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात आलं की आपण कुणाच्या घरात उभे आहोत. बाई नागपूरला गेल्यात, आणि त्यांच्या मागे त्यांच्या मशीनला आपण न विचारता कुंकू लावलं. त्यांनी घाईघाईने फुलं उचलली, ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, परत परत पुसलं. पेटी कोरी करकरीत झाली. तांदूळ मात्र आतच होते.

शुक्रवारी सकाळी बाई परतल्या. आल्या आल्या संत्रा बर्फीचा पुडा काकांच्या हातात ठेवला. काकांनी तो घेतला आणि न उघडताच फळीवर ठेवून दिला.

बाई आंघोळ करून लगेच कामाला बसल्या. रविवारी संध्याकाळची गाडी होती, सोमवारी पौर्णिमा. जोडणी पूर्ण झाली होती. आता शेवटचं तेवढं राहिलं होतं. ते काय, हे बाईंनी काकांना कधीतरी सांगितलं होतं: "सगळी गोधडी शिवून झाली की घडी घालून ट्रंकेत बसवायची, म्हणजे सगळ्या तुकड्यांची मिळून एकच फाइल करायची. एरवी मशीन आरामात चालतं. ती घडी घालताना मात्र त्याचा जीव निघतो. तीन तासांच्या व्हिडिओला सहा-सात तास, सलग, पूर्ण जोर लावून."

काका दाराबाहेरच्या ओट्यावर बाईंच्या भिंतीला पाठ लावून बसले. गिरणीने त्यांचे कान अर्धे नेले होते, पण पाठ शाबूत होती. बाईंचं मशीन जोरात चाललं की भिंतीतून बारीक थरथर यायची. त्या दिवशी ती आली, वाढली, आणि पाऊण तासाने एकदम थांबली.

आतून बाईंचा आवाज आला. "वाट लागली."

काका दारात गेले. "काय झालं?"

"मशीन बसलं. आपोआप. काही मेसेज नाही, काही नाही, एकदम काळं."

बाईंनी ते पुन्हा चालू केलं. सुरळीत सुरू झालं. चित्रं दिसली, आवाज आला. पुन्हा घडी घालायला लावलं. या वेळी पस्तीस मिनिटांनी बसलं.

मागात एक तुटका धागा अडकला तरी माग थांबतो, हे काकांना विसाव्या वर्षापासून माहीत होतं. पण मग वाटलं, आपल्याला काय कळतं कम्प्युटरमधलं. चार तांदळांनी एवढं मोठं मशीन थांबतं होय? उगाच सांगून बसायचं, आणि कारण वेगळंच निघायचं. मग पूजा केल्याचं तेवढं उघडं पडायचं.

बाईंची पद्धत ठरलेली. एक जुनी वही काढली. एका ओळीत काय बदललं ते, पुढे किती मिनिटं चाललं ते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही.

"पहिला संशय व्हिडिओवरच," त्या म्हणाल्या. "एखादा तुकडा खराब असेल तर मशीन दर वेळी त्याच जागी अडकतं. हे एकदा अकरा टक्क्यांवर बसलं, एकदा नऊवर. म्हणजे तुकडा नाही." रेघ मारली. मग दुसऱ्या प्रोग्रॅममधून करून पाहिलं. तेही बसलं. रेघ. दहा मिनिटांचाच भाग करायला लावला, तो मात्र झाला. बाईंनी त्याच्याभोवती गोल काढला.

"थोडं चालतं, जास्त चालत नाही. म्हणजे दमतंय."

"दमतंय," काका म्हणाले.

शनिवारी सकाळी मशीनची वायर दुसऱ्या बोर्डात लावून पाहिली. बसलं. मेमरी तपासायचा एक प्रोग्रॅम तीन तास चालवला, त्यात दोष निघाला नाही. अनुपमा कामावरून दुपारीच आली होती. तिने सासऱ्यांना ओट्यावर तसंच बसलेलं पाहिलं.

"बाबा, जेवला नाहीत?"

"भूक नाय."

"बर्फी पण नाही खाल्ली. बरं नाही का?"

"बरा असा."

"मालवणी बोलताय म्हणजे काहीतरी झालंय," ती म्हणाली आणि आत गेली. काका घरात सहसा मालवणी बोलत नसत. मन ठिकाणावर नसलं की तेवढी बाहेर पडायची.

चारच्या सुमाराला बाईंनी मशीनच्या पोटातलं तापमान दाखवणारा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावला आणि काम सुरू केलं. काकाही मागे येऊन उभे राहिले. पंचेचाळीस, साठ, ऐंशी. वीस मिनिटांत नव्वदच्या वर. शंभराला टेकलं आणि पडदा काळा झाला.

"तापतंय," बाई म्हणाल्या. "पण का तापावं? गणपतीतच आतून ब्रश मारून साफ केलंय मी. धूळ नव्हती."

"उघडून बघायचं का?" काकांनी विचारलं.

"शेवटी. आधी बाहेरून सगळं, मग आत हात. आता उघडलं आणि काही तुटलं-बिटलं, तर उद्या रविवार. सामान कुठून आणू?" त्या वहीवर आकडेमोड करत होत्या. "दहा-दहा मिनिटांचे तुकडे करते. एक झाला की सव्वा तास मशीन थंड करायचं. अठरा तुकडे. नाही बसत हो. गाडीपर्यंत चौदा होतील फार तर."

"मग?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. पडद्याकडे न बघता म्हणाल्या, "दोघी गेल्यात ना. सरसामावशी आणि गंगामावशी. दोघींचा मिळून चाळीस मिनिटांचा भाग आहे. तो काढते. ज्या आहेत त्यांना तरी बघू दे. गेलेल्या काय विचारायला येणार आहेत, आमचं का काढलंस म्हणून."

त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या. काका टेबलाची कड धरून उभे राहिले. गिरणीतल्या त्यांच्या खात्यात दोनशे माणसं होती. आज नावं आठवायला बसलं तर वीस-पंचवीस निघतील. बाकीच्यांचं कुणी काही ठेवलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले. "त्यात तांदूळ आहेत."

"कशात?"

"मशीनमध्ये. मी टाकले. नवमीला."

बाईंना काही क्षण कळलंच नाही. मग त्यांनी मशीनकडे पाहिलं, वरच्या जाळीकडे पाहिलं.

"पूजा केलीत?"

"हो. फूल, कुंकू आणि अक्षता. मग पुसून टाकलं. तांदूळ आत गेले होते."

"मला न विचारता."

"हो."

"विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलंत ना?"

काकांनी खरंखुरं आठवून पाहिलं. "नाही हो बाई. तेव्हा विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. मशीन दिसलं, फूल हातात होतं. नंतर आलं डोक्यात. तेव्हा लाज वाटली."

बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "आमच्यात यंत्राला फुलं वाहत नाहीत, काका. मी माझ्या घरात ते चालवून घेत नाही. हे एकदा सांगते, परत सांगायला लावू नका."

"नाही."

"आणि ते राहू दे बाजूला. काल दुपारपासून तुम्ही त्या भिंतीला टेकून बसलायत. दोन दिवस. तोंडात काय तांदूळच भरले होते?"

बाईंनी खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

पेटीचा पत्रा काढल्यावर आत तळाशी पाच-सहा लालसर दाणे दिसले. मशीनच्या मेंदूवर बसवलेला एक चौकोनी ठोकळा होता आणि त्याला दोन्ही अंगांनी दोन छोटे पंखे. बाईंनी एक बोटाने फिरवला, तो भिरभिरला. दुसरा जागचा हलेना. पातं आणि चौकट यांच्या फटीत एक दाणा अडकून वाळला होता. कुंकवाने चिकटलेला, गोंद लावल्यासारखा.

"एका पंख्यावर लिहिणं-वाचणं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "तीन तासांची घडी नाही होत." मग त्यांनी दाण्याला नख लावून पाहिलं. नख पोचेना. चष्मा वर केला, खाली केला. "बारीक चिमटा पाहिजे."

काका घरात गेले आणि अनुपमाचा भुवयांचा चिमटा घेऊन आले. मागोमाग अनुपमाही आली. "माझ्या चिमट्याचं काय काम आहे तुम्हाला?" तिने आत वाकून पाहिलं, तांदूळ पाहिले, सासऱ्यांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "एंटर परवडला की हो, बाबा."

बाईंनी चिमटा घेण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तुम्हीच काढा. तुम्हीच टाकलात."

"माझा हात?"

"मागावर धागे जोडायचात ना? की ते पण नुसतं सांगायचं?"

काका गुडघ्यावर बसले. पंख्याची पाती पातळ होती, जोर लागला तर मोडतील अशी. त्यांनी दाणा ओढला नाही. चिमट्याच्या टोकाने त्याला आधी एका बाजूने सैल केलं, मग दुसऱ्या. तुटलेला धागा फणीतून काढताना करायचे तसं, श्वास धरून. दाणा निघाला. बाईंनी बोट लावलं आणि पंखा फिरला. राहिलेले दाणे अनुपमाने मोजून वेचले, कारण किती टाकले होते ते काकांना सांगता येईना.

"चिमूटभर," ते म्हणत राहिले.

"चिमूट म्हणजे किती, बाबा? आमच्या लॅबमध्ये असं सांगितलं तर काढून टाकतील."

बाईंनी पत्रा लावून मशीन सुरू केलं, वहीत नवी ओळ लिहिली आणि अर्धा तास आकडा बघत बसल्या. बहात्तरला जाऊन तो तिथेच राहिला. तरी त्यांनी लगेच खरं काम लावलं नाही. "दमलंय बिचारं. आणि रात्री आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. सकाळी सहाला लावते. सरसामावशी आणि गंगामावशी दोघींसकट."

रविवारी सहाला भिंत थरथरायला लागली. काका पाठ टेकून बसले होते. नऊला बाई चहा घेऊन ओट्यावर आल्या आणि शेजारी बसल्या. सहा वर्षांत त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या.

"नवमीला गिरणीत काय करायचे?" त्यांनी विचारलं.

"आधी माग उघडून सगळा कापूस काढायचा. पाती, दांडे, सगळं पुसायचं. तेल द्यायचं. त्यातच सकाळ जायची. मग फूल."

"म्हणजे साफसफाई आधी, मग फूल. तुम्ही माझ्याकडे नुसतं दुसरंच केलंत."

काका हसले. बाईंनीही चहाचा घोट घेता घेता हसू आवरलं. मग त्यांनी सरसामावशीबद्दल सांगितलं. कॅमेरा बघून ती तोंडावर पदर घ्यायची. शेवटी कॅमेरा पिठाच्या डब्यामागे ठेवला, तेव्हा तिने ओव्या म्हटल्या. काका ऐकत राहिले. भिंत थरथरत राहिली. एकला दहा मिनिटं कमी असताना ती थांबली आणि काका दचकून उठले. आतून बाई म्हणाल्या, "बसा. झालं."

बाईंनी तो व्हिडिओ दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवला. एक पर्समध्ये, एक पिशवीत कपड्यांच्या घडीत.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी अनुपमाच्या फोनवर बाईंनी पाठवलेला एक फोटो आला. पांढरा पडदा, त्यावर जात्यापाशी बसलेली एक म्हातारी, आणि समोर खूप डोकी. कोणती मावशी ते काकांना ओळखता आलं नाही. बाई मात्र परतल्या नाहीत. आजूबाजूच्या गावांतल्या बाया म्हणू लागल्या, आमच्याही ओव्या घ्या. त्यात त्यांची आईही आजारी पडली. डिसेंबरात त्यांचा भाचा सम्यक येऊन मशीन आणि सामान घेऊन गेला. काकांकडे बाईंचा नंबर आहे. दोनदा त्यांनी तो काढून पाहिला. फोन लावून काय बोलायचं, हे न ठरल्याने लावला नाही.

त्यामुळे त्या रविवारी दारात झालं तेच शेवटचं बोलणं. बाईंनी पायात चपला घातल्या होत्या, पिशवी खांद्यावर होती.

"काका, मशीन बंद केलंय, पण गरम आहे. खिडकी तासभर उघडी राहू द्या."

"राहू देतो."

"मांजर येते त्या खिडकीतून. बघा जरा."

"बघतो. पाणी घेतलंत का गाडीत प्यायला?"

"घेतलंय."

"बरं."

"येते मग."

"या."